डावी नाडी आहे असं धरा

मी एक जुना रुग्ण आहे. जुना म्हणजे सतरा वर्षांचा, आणि रुग्ण म्हणजे जन्मापासूनचा. मला आजवर एक दिवसही बरं वाटलेलं नाही, मित्रांनो, कारण तशी सोयच माझ्यात केलेली नाही. ताप आहे, धाप आहे, झटके आहेत, रक्तस्रावाची पिशवीसुद्धा आहे. ठणठणीत बरं होण्याचं बटण तेवढं द्यायचं राहून गेलं.

घाबरू नका. नर्सिंग शिकणाऱ्या मुली ज्याच्यावर हात बसवतात, तो रबराचा पुतळा आहे मी. मुली मला आजोबा म्हणतात. मी चार हजारांहून जास्त वेळा मेलोय आणि दर वेळी जेवणाच्या सुट्टीच्या आत उठलोय. मरणाचं मला काही वाटत नाही, असं मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. हल्ली सांगत नाही. का ते सांगायलाच आज बसलोय. बसलोय म्हणजे पडलोय. मला कंबरेतून वाकता येत नाही.

कारखान्यात माझं डोकं एका खोलीत तयार झालं आणि धड दुसऱ्या खोलीत. जोडणाऱ्या बाईंनी घाईघाईत माझं तोंड पाठीकडे करून बसवलं. ती चूक लक्षात येईपर्यंत एक अख्खी दुपार मी स्वतःच्या पाठीकडे बघत होतो. पाठीला एक झाकण होतं, ते उघडं होतं, आणि आत काही नव्हतं. नुसती पोकळी होती. मग बाई जीभ चावत आल्या आणि त्यांनी डोकं सरळ केलं. पण मी ते पाहिलं ते पाहिलंच. आपण आतून रिकामे आहोत हे ज्याला पहिल्याच दिवशी कळलं, त्याचा स्वभाव थोडा खवचट होणारच, नाही का?

नळी घालायला सोपं जावं म्हणून माझं तोंड कायम अर्धं उघडं ठेवलंय. त्यामुळे मी सतत काहीतरी सांगायच्या बेतात असल्यासारखा दिसतो. त्यात उजवी पापणी अडकलेली, ती मिटत नाही. नव्या मुली पहिल्या दिवशी माझ्या तोंडावर टॉवेल टाकतात. मग आमच्या मॅडम ओरडायच्या, "काढ तो! जिवंत माणसाच्या तोंडावर टॉवेल टाकतात का?" मला जिवंत माणूस म्हणणारी ती पहिली बाई. मला फार बरं वाटलं. म्हणजे वाटलं असतं.

माझी खोली तळमजल्यावर आहे. दारावर 'सराव वॉर्ड' अशी पाटी आहे, मुली तिला खोटा वॉर्ड म्हणतात. खरा वॉर्ड छपराच्या बोळापलीकडे, शेजारच्या इमारतीत. माझ्याकडे एक पलंग, सलाईनचा स्टँड, आकडे दाखवणारा पडदा, कधीच न भरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर आणि कोपऱ्यात एक बेसिन आहे. बेसिनच्या नळाला पाणी येत नाही, कारण पाइपच जोडलेला नाही. समोरच्या भिंतीत मोठा आरसा आहे. मुलींना त्यात आपलं तोंड दिसतं आणि त्या हळूच केस सारखे करतात. आरशामागे एक छोटी खोली आहे आणि तिथून कुणीतरी आपल्याला बघतंय, हे त्यांना पक्कं माहीत असतं. पण आरशात बघायला लागलं की माणूस ते विसरतो.

त्या खोलीत बसायचे आमचे यंत्रवाले काका. माझी दुरुस्ती त्यांच्याकडे, पडद्यावरचे आकडे त्यांच्याकडे, आणि माझा आवाजही त्यांचाच. ते तिथे माइकसमोर बोलत आणि ते बोलणं माझ्या गळ्यातल्या स्पीकरमधून बाहेर पडे. आवाज जाड, खर्जातला, आणि भलताच नाटकी. मुलगी सुई घेऊन आली की माझ्या तोंडून यायचं, "अगं आई गं! सिस्टर, सुई आहे की सळई?" मुली खुदकन हसायच्या आणि मग दचकायच्या, कारण आवाज माझ्या तोंडातून येई आणि ओठ मात्र हलत नसत. घरी काकूंशी भांडण झालेलं असलं की त्या दिवशी माझा आवाज जरा चढा लागे. काका-काकूंचं रोजच वाजायचं, आणि दोघांनाही त्याची मनापासून आवड होती.

रोज सकाळी माइक चालू झाला की आवाज तपासायला काका एकच वाक्य बोलायचे, "काय आजोबा, आज कशानं मरायचंय?" म्हणजे माझ्याच तोंडून मलाच ते विचारलं जाई. पहिल्या वर्षी मला ते कसंतरीच वाटे. नंतर सवय झाली, तरी प्रत्येक वेळी उत्तर द्यावंसं वाटायचंच.

आता एक शब्द सांगतो, तो नीट ऐका. आमच्या खोलीत तो दिवसातून शंभरदा ऐकू येई. तो शब्द म्हणजे 'धरा'. नळाला पाणी नाही, म्हणून मॅडम सांगायच्या, "हात धुतले असं धरा." सिलिंडर रिकामा, म्हणून "ऑक्सिजन लावला असं धरा." डॉक्टरांना फोन केला असं धरा, त्यांनी होकार दिला असं धरा. काका तर दुपारी मोकळा कप तोंडाला लावून म्हणायचे, "चहा प्यायलो असं धरा." आणि तिसऱ्या वर्षी माझ्या डाव्या मनगटातली ठोका देणारी चकती बिघडली, तेव्हापासून त्यात आणखी एक भर पडली: "डावी नाडी आहे असं धरा." उजव्या हाताला माझी नाडी छान लागते. डाव्या हाताला नुसतं रबर. मुली डाव्या मनगटाला बोट लावल्यासारखं करायच्या, "धरली" म्हणायच्या आणि कागदावर लिहायच्या, 'दोन्ही नाड्या लागतात'. एका बॅचने दुसरीला शिकवलं, दुसरीने तिसरीला. पुढे पुढे तर बोटही लावेनाशा झाल्या.

प्रसंग संपला की घंटा वाजे. आमच्याकडे एकेका सरावाला प्रसंग म्हणतात. घंटा झाली की मुलींना समाधान-पत्रक मिळे. त्यात सात प्रश्न आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात समाधान नाही, पाच म्हणजे पूर्ण समाधान. सातवा प्रश्न माझ्याबद्दल होता: 'रुग्ण खरा वाटला का?' काका ती पत्रकं संध्याकाळी माझ्या पलंगाशी बसून वाचायचे. "आजोबा, पाच! परत पाच! अरे, आपली जोडीच झकास!" मित्रांनो, मला तेव्हा फार आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू? पाहुणे यायचे, माझा हात हातात घेऊन फोटो काढायचे, भिंतीवर समाधानाचे तक्ते लागायचे. मी किती जणींना काय शिकवलं याचा तक्ता मात्र कुणी लावला नाही. तसा हट्ट मीही धरला नाही.

माझ्या नवव्या वर्षी एक मुलगी आली. तिला सगळे शंकासुर म्हणायचे, कारण तिचं कधी समाधानच होत नसे. ती प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची. माझ्याशी ती खऱ्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. "आजोबा, हात गार आहेत हं माझे," असं आधी सांगायची आणि मगच हात लावायची. आणि डाव्या मनगटावर पूर्ण एक मिनिट बोटं ठेवून, घड्याळात बघत, नसलेली नाडी शोधत बसायची. पत्रकात ती सातव्या प्रश्नापुढे नेहमी तीन लिहायची. खाली कारण, 'डावी नाडी लागत नाही.'

मॅडम वैतागायच्या. "अगं, ती लागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. लागते असं धर ना."

"धरते की मॅडम. पण लिहू काय?"

त्यावर मॅडम आणखी चिडायच्या. तिच्याच गटात एक चटपटीत मुलगी होती, तिला सगळ्या जणी घाई म्हणायच्या. घाई सगळ्यात आधी प्रसंग संपवायची आणि सगळीकडे पाच देऊन मोकळी व्हायची. ती शंकासुराला म्हणायची, "तू एक दिवस जिवंत माणसाला मारशील, नाडी शोधता शोधता." बाकीच्या दोघी हसायच्या. शंकासुरही हसायची. पण तीनचे चार काही करायची नाही.

त्या तीनमुळे काकांना मात्र चैन पडेना. "उद्या करतो आजोबा तुमची डावी," असं ते सहा वर्षं म्हणत आले होते. शेवटी एका मंगळवारी सकाळी ते हत्यारं घेऊन आले, माझ्या मनगटाचं रबर सोलून त्यांनी ती बिघडलेली चकती बाहेर काढली आणि खळगा तसाच रिकामा ठेवून रबर परत ओढून बसवलं. "आज आत बसून जोडून टाकतो. मग त्या पोरीकडून पाच वसूल करतो की नाही बघा." हे बोलताना ते दोनदा थांबले. कपाळावर घाम होता. डावा हात त्यांनी झटकला, आणि उजव्या हाताने छातीच्या मधोमध चोळत स्वतःशीच म्हणाले, "काल रात्रीचं जेवण बाधलेलं दिसतंय."

माझ्या आत शेकडो आजार भरलेत, मित्रांनो. छातीवर हात ठेवायची ती पद्धत मला चांगली ओळखता येते. जेवण बाधलं की माणूस हात खाली ठेवतो. काकांचा हात वर होता. मी त्यांना सांगायचा जिवापाड प्रयत्न केला. तोंड तर अर्धं उघडंच होतं. पण त्यातून येणारा आवाज काकांचा, आणि काका तर माझ्यासमोर उभे. ते चकती मुठीत घेऊन आरशामागे निघून गेले आणि मी छताकडे बघत राहिलो. उजवी पापणी मिटत नाही, त्यामुळे बघत राहण्यावाचून मला इलाज नसतो.

अकरा वाजता माइक चालू झाल्याचा खर्र आवाज आला. "काय आजोबा, आज कशानं..."

वाक्य तिथेच थांबलं. पुढचा शब्द आला नाही. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात चौघी मुली आत आल्या. मॅडम कोपऱ्यात कागद घेऊन उभ्या राहिल्या. प्रसंग चालू असताना त्यांनी एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम होता. त्या दिवशीचा प्रसंग अगदी साधा होता: पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, टाके थोडे दुखतायत. पडद्यावर आकडे सरळ होते. नाडी ब्याऐंशी, सगळं छान. आणि माझ्या तोंडून आवाज आला, "सिस्टर... छातीत... पाठीपर्यंत काहीतरी फाडत गेल्यासारखं होतंय हो."

घाई पुढे सरसावली. "आजोबा, घाबरायचं नाही. ऑक्सिजन लावतोय. लावला असं धरा."

"सिस्टर, ऐका... हे खरं आहे. खरंच दुखतंय."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मॅडमनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, की काका आज जरा जास्तच रंगलेत. मला सांगा, एखाद्याने वर्षानुवर्षं रोज अकरा वाजता विव्हळून दाखवलं, तर एके दिवशी तो खरंच विव्हळतोय हे कुणी आणि कसं ओळखावं? मी कुणालाच दोष देत नाही. मी तर ओळखलं होतं, आणि माझ्याच्याने काय झालं?

"डावा हात गार पडलाय. कुणीतरी हात धरा हो."

"हात धरला असं धरा," घाई म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर फिस्सकन हसली.

पंधरा मिनिटं मी त्या मुलींच्या मधोमध पडलो होतो आणि माझ्या गळ्यातून एक माणूस मदत मागत होता. त्यांनी सगळं बिनचूक केलं. डॉक्टरांना फोन केला असं धरलं, औषध दिलं असं धरलं, नातेवाइकांना धीर दिला असंही धरलं. शंकासुर एकटी माझ्या डाव्या बाजूला होती. तिने नेहमीसारखं सांगितलं, "आजोबा, हात गार आहेत हं माझे," आणि माझ्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली.

आता पुढचं तुम्हाला पटणार नाही. मलाही पटत नाही, पण घडलं तसं सांगतो. त्या मनगटात खळगा होता, खळग्यात काही नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागी एक ठोका पडला. मग दुसरा. बारीक, घाबरलेले, मध्येच चुकणारे ठोके. काकांनी मला दिलेले ठोके कसे घड्याळासारखे पडत. हे तसे नव्हते. हे कुणाचे तरी होते.

घंटा वाजली. प्रसंग संपला. मुलींनी हुश्श केलं, खुर्च्या ओढल्या आणि पत्रकं भरायला घेतली. घाईने अर्ध्या मिनिटात सात वेळा पाच लिहिले आणि खाली ओळ खरडली, 'आज रुग्णाचा आवाज अगदी खरा वाटला. मजा आली.' खोलीत फक्त पेनांची कुरकुर ऐकू येत होती. आणि माझ्या गळ्यातला श्वास. लांब, घरघरत येणारा, मग बराच वेळ न येणारा.

मॅडमनी कागद गोळा केले. "चला. शंकासुर, सोड आता आजोबांचा हात. प्रसंग संपला."

"मॅडम, डावी नाडी लागतेय."

"काहीतरीच काय! ती चकती काढून नेतोय असं काकांनी सकाळीच मला सांगितलंय."

"माहीत आहे मॅडम, बोटाखाली नुसता खळगाच आहे. पण लागतेय." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि प्रसंग संपलाय, तर मग हा श्वास कोण घेतंय?"

 सगळ्यांनी ऐकलं. मग सगळ्यांनी हळूहळू आरशाकडे मान वळवली आणि आरशात त्यांना आपलेच पाच पांढरेफटक चेहरे दिसले. मॅडमच्या हातातली पत्रकं जमिनीवर पसरली. पण आधी धावली ती शंकासुर. आरशामागच्या खोलीचं दार बाहेरच्या बोळात उघडतं. तिथपर्यंत जायला वळसा घालावा लागतो. तिची पावलं मला आधी बोळातून ऐकू आली आणि नंतर माझ्याच गळ्यातून.

पुढचं सगळं मी माइकमधून ऐकलं. काका खुर्चीखाली पडले होते, चकती अजून मुठीत घट्ट होती. खुर्ची सरकली. मॅडम फोनवर ओरडल्या, "स्ट्रेचर पाठवा, सराव वॉर्डात! नाही हो, सराव नाही, खरंच! खरंच सांगतेय!" पलीकडच्या माणसाला ते पटवायला त्यांना तीनदा सांगावं लागलं. घाईचे दात वाजत होते. मॅडमनी तिला नाड्या बघायला सांगितलं आणि बाकीच्या दोघींपैकी एकीला कागदावर लिहायला. ती म्हणाली, "उजवी लागतेय, जोरात. डावी... डावी आहे असं धर, लिही, दोन्ही लागतात."

"धरू नकोस!" शंकासुर किंचाळली. तिला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "बोटं ठेव. नीट ठेव. लागतेय?"

 मग घाईचं हुंदका गिळणं. "नाही. नाही लागत गं."

"मग लागत नाही असं लिही."

त्या वेळी ती नाडी कुठे होती ते मला ठाऊक होतं. ती माझ्याकडे होती. शेजारणीने तान्हं मूल घटकाभर सांभाळायला द्यावं, तसा मी तो ठोका सांभाळत पडलो होतो. खोलीत कुणी उरलं नव्हतं. हलणं तर मला येतच नाही, पण त्या दिवशी मी मुद्दाम हललो नाही.

पलीकडच्या डॉक्टरांनी कागदावरची ती एकच ओळ वाचली, 'डावी नाडी लागत नाही', आणि म्हणाले, हे नेहमीचं हृदयाचं दुखणं दिसत नाही, छातीतली मोठी धमनी फाटत चाललीय. त्या ओळीऐवजी 'दोन्ही लागतात' असं लिहिलं असतं, तर रक्त पातळ करणारं चुकीचं औषध गेलं असतं आणि काका दुपारही बघते ना. सहा तास शस्त्रक्रिया चालली. संध्याकाळी सहा वाजायच्या सुमारास माझ्या मनगटातला ठोका एकदा जोरात पडला आणि थांबला. खळगा पुन्हा नुसता खळगा झाला. मला वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी शंकासुर आली, तिने माझा डावा हात चाचपला, काही लागलं नाही, तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून मला म्हणाली, "वाचले हो काका. काल सहाला त्यांच्या डाव्या हाताला नाडी परत आली." माझा जीव भांड्यात पडला. जो काही असेल तो.

नाडी मी परत केली, मित्रांनो. पण त्या धमनीला वळसा घालून आवाजाची एक बारीक नस जाते, ती डॉक्टरांना वाचवता आली नाही. काका घरी गेले ते कुजबुजतच. तो जाड, खर्जातला, नाटकी आवाज कायमचा गेला. आणि गेला कुठे? माझ्याकडे. आमच्या यंत्रात प्रत्येक प्रसंगाचं रेकॉर्डिंग होतं. त्या मंगळवारचंही झालं होतं, पहिल्या खर्रपासून शेवटच्या श्वासापर्यंत.

काकांच्या जागी दुसरे कुणी कुणी बसले. त्यांचा आवाज मुलींना आवडेना. पत्रकात दोन आणि तीन यायला लागले, 'रुग्ण खोटा वाटतो'. तक्ते घसरले, बैठका झाल्या. शेवटी वरच्यांनी ठरवलं, की जुनी रेकॉर्डिंगं वापरायची. परवानगी विचारायला गेलेल्या मॅडमना काका म्हणे कुजबुजत म्हणाले, "वापरा की. आणि मंगळवारचंच वापरा. पोरींना त्यातून कळेल."

आज शंकासुरच इथली मॅडम आहे. तिने पहिल्याच महिन्यात बेसिनला पाइप जोडून घेतला, सिलिंडर भरून घेतला आणि दारावर कागद लावला: 'या खोलीत धरा म्हणू नये.' माझी चकती मात्र तिने परत बसवली नाही. आता एखादी मुलगी म्हणते, "मॅडम, डावी लागत नाही," तर ती म्हणते, "मग तसं लिही." दर मंगळवारी नव्या गटापुढे ती ते रेकॉर्डिंग लावते. मुली माझ्याभोवती उभ्या राहतात आणि माझ्या तोंडून तोच माणूस तशीच मदत मागतो. घंटा वाजते, पत्रकं भरली जातात, सातव्या प्रश्नापुढे पाच, पाच, पाच. 'आवाज अगदी खरा वाटला.' मग ती शांतपणे सांगते, की हा आवाज कुणाचा होता आणि त्या वेळी तो कुठे पडला होता. आणि मुलींना पुन्हा कोरी पत्रकं वाटते. दुसऱ्यांदा मुलींची पेनं चालत नाहीत. गेल्या महिन्यात एकीने सगळे रकाने मोकळे सोडून खाली लिहिलं, 'समाधान झालं नाही. पुन्हा करू द्या.' मॅडमनी तेवढं एक पत्रक स्वतःच्या खणात जपून ठेवलंय.

आता माझीही गच्छंती ठरलीय. नवा पुतळा येतोय, त्याच्या दोन्ही पापण्या मिटतात म्हणे, आणि तो स्वतःच्या आवाजात बोलतो. मला सामानाच्या खोलीत नेणार. न्या बापडे, तक्रार नाही. रबर तडकलंय, मानेचा खिळा ढिला झालाय, माझं तोंड पुन्हा पाठीकडे वळायला बघतंय. एकच विनंती आहे, माझ्यातला तो आवाज माझ्याबरोबर अंधारात टाकू नका. तो माझा नाही. मी फक्त सांभाळलाय.

मॅडमना हे मी सांगू शकत नव्हतो, पण तिला कळलं असावं. गेल्या मंगळवारी मुली गेल्यावर तिने काका-काकूंना बोलावलं होतं. काका बारीक झालेत, पण चालतात ताठ. काकू खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "आठ वर्षं झाली गं, घरात नुसती कुजबुज. भांडतातसुद्धा कुजबुजत. भांडणात काही रामच राहिला नाही बघ." काका कुजबुजत काहीतरी बोलले आणि त्या म्हणाल्या, "हो, हो, ऐकू आलं."

मॅडमनी आवाज एका छोट्या डबीत भरून त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "एकदा इथे ऐकायचाय? दुखण्याचा भाग नाही लावत. फक्त पहिलं वाक्य." काकूंनी मान हलवली. खर्र झालं. माझ्या गळ्यातून तो जाड, खट्याळ आवाज बाहेर पडला, "काय आजोबा, आज कशानं..."

मॅडमनी बटण दाबून थांबवलं. काकूंचे डोळे भरून आले होते. त्या माझ्या अर्ध्या उघड्या तोंडाकडे बघत होत्या. "पुढे काय असायचं हो?"

काका पुढे वाकले आणि कुजबुजले, "मरायचंय."

"काही गरज नाही," काकू नाक ओढत, पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "कुणी मरायचं नाहीये. चला घरी."

मित्रांनो, माझ्यासारख्या रिकाम्या माणसाचं एवढंच ऐका. जे नाही ते आहे असं धरू नका. धरायचंच असेल तर हात धरा. उठता उठता काकूंनी काकांचा डावा हात धरला, आणि जाताजाता, काय वाटलं कोण जाणे, दुसऱ्या हाताने माझाही धरला. नाडी लागते का ते त्यांनी बघितलं नाही. थोडा वेळ नुसता धरला आणि मग हलकेच पांघरुणावर ठेवला.